चाकाखालचं लिंबू

पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. काकासाहेबांनी औरंगपुऱ्यात एका जहागीरदाराची जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी घेतली खरी, पण मनात पाल चुकचुकत होती. बॉनेट उघडून, टायर ठोकूनही खोट सापडली नव्हती. गाडी विकायला आलेल्या जहागीरदाराच्या शौकत ड्रायव्हरनं भावात घासाघीसही केली नव्हती.

काकासाहेबांच्या पत्नी वच्छलाबाईंनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

"राहू द्या, बाईसाब," शौकत म्हणाला. "विलायती गाडी हाय. तिला लिंबू काय कळतंय?"

काकासाहेबांनी एकट्यानं गाडी लिंबावरून पुढं नेली, मागं आणली. लिंबू तसंच गोल.

"गाडी पोकळ हाय का, शौकतभाई?" त्यांनी आतूनच विचारलं.

शौकत गाडीपासून दोन पावलं मागं सरला.

काकासाहेब रागानं उतरले आणि जोड्यासकट लिंबावर उभे राहिले. सगळा भार टाकला. लिंबू दबलंसुद्धा नाही.

"सरका, एवढंबी जमंना व्हय," म्हणत वच्छलाबाईंनी टाच दिली. लिंबू फचकन फुटलं. त्या हसत गाडीत बसायला वळल्या.

त्यांना अडवायला काकासाहेब धावले. गाडीतून उतरल्यापासून मऊ फुफाट्यात काकासाहेबांचं एकही पाऊल उमटलं नव्हतं.