रिबिनींचं कडं

सासूबाईंनी कपाटातला तारेचा हँगर काढला, वरचा आकडा तसाच ठेवून बाकीची तार वाकवून वाकवून गोल केली आणि टेबलावर टाकली. "हं, काप आता," त्या सुनेला म्हणाल्या. "वीतभर लांबीचे तुकडे. आणि हात आखडता घेऊ नकोस, दारावर कडं कसं भरगच्च दिसलं पाहिजे."

सून कापत होती. एक पिवळी रिबीन, एक पांढरी. कापलेलं टोक ती मेणबत्तीच्या ज्योतीजवळून अलगद नेई, म्हणजे कडेचे दोरे सुटत नसत. सासूबाई तो तुकडा तारेभोवती घेऊन गाठ मारत आणि आधीच्या गाठीला घट्ट चिकटवत. एरवी कंबर धरून बसणाऱ्या बाईंना आज दहा हत्तींचं बळ आलं होतं. त्यांचा थोरला मुलगा आज तुरुंगातून सुटून घरी यायचा होता. धाकटा त्याला आणायला गेला होता.

सुनेचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. नवरा येतोय याचा आनंद होता, का नसेल? दोन वर्षं कशी ढकलली ते तिचं तिला ठाऊक. पण तिच्या घराचं दार उघडलं की समोर लगेच दुसरं दार होतं. नवरा कंपनीची बस चालवायचा. एका पहाटे चालवता चालवता त्याचा डोळा लागला आणि बस झाडावर गेली. बाकी सगळ्यांचं खरचटण्यावर निभावलं. पुढच्या सीटवर बसलेला समोरचा शेजारी तेवढा गेला. त्याची बायको आता त्या दारामागे एकटी राहत होती.

"आई, हे दारावर लावायलाच हवं का?" शेवटी तिने तोंड उघडलं.

"का? लपतछपत यायला तो काय चोर आहे?"

"चोर नाहीत हो. पण समोरच्या वहिनींना जाता-येता हेच दिसणार."

सासूबाईंची बोटं थांबली. "मला ते कळत नाही असं वाटतं तुला? दोन वर्षं त्या दारासमोरून मान खाली घालून जातेय मी. ती बिचारी कधी वावगा शब्द बोलली नाही, म्हणून तर जास्तच लाज वाटते. पण तो माझ्या पोटचा आहे गं. आज एक दिवस मला मान वर करू दे."

सुनेने पुढचा तुकडा कापला.

कडं झालं, आणि खरोखर दृष्ट लागावी असं झालं. असंच गोल, पण फुलांचं, कंपनीने तेव्हा समोरच्या घरी पाठवलं होतं. सुनेला ते आठवलं. सासूबाईंना मात्र तिने सांगितलं नाही. कडं घेऊन ती दाराबाहेर आली. खिळा आधीपासून होताच, नुसतं अडकवायचं होतं.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. वहिनी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आज येतायत?"

"हो, वहिनी."

"बरं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "छान झालंय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान खाली मान घालून ऐकून तरी घेता आलं असतं. वहिनी डबा तसाच घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सुनेचा हात काही खिळ्यापर्यंत जाईना. ती आत आली, दार लोटलं आणि दाराच्या आतल्या बाजूला छत्रीसाठी आकडा होता, त्यावर तिने कडं अडकवलं.

सासूबाई बघतच राहिल्या. "आत? आत लावून कोणाला दिसणार?"

"त्यांना दिसेल की, आत आल्यावर."

"म्हणजे माझ्या मुलाचं स्वागत दाराआड?"

"हो आई. दाराआडच." ती दारापासून हलली नाही. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि उरलेली रिबीन गुंडाळायला लागल्या. त्या फार दुखावल्या होत्या. सुनेला ते दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं, पण तिने कडं काढलं नाही.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पुढची धाकट्याची, नेहमीसारखी धडाधड. मागची दुसरी, दमादमाने येणारी. सासूबाई ताडकन उठल्या, त्यांनी केसांवरून हात फिरवला. सून कडीवर हात ठेवून उभी राहिली. पावलं वर आली आणि थांबली.

"अरे दादा, इकडे," बाहेर धाकटा दबक्या आवाजात म्हणाला.

मग बेल वाजली. त्यांची नाही, समोरची.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "दार चुकला का गं तो?" त्यांनी घाबरून विचारलं. "दोन वर्षांत विसरला?"

सुनेने कडीवरचा हात काढून घेतला.

"नाही आई," ती म्हणाली. "विसरले असते तर सरळ इकडे आले असते."