सोमवारपासून

वसमतच्या मिशन दवाखान्यात रुजू होण्याआधी निजामाचा मुलूख बघून घ्यावा, म्हणून नवी गोरी डॉक्टरीण औंढ्याचं देऊळ बघायला आली. ते कळताच चतुराबाई विस्तवासारखं तापलेलं लेकरू छातीशी धरून देवळाकडं धावली.

"बाई सोमवारपासून रोगी तपासतील. आज त्या फिरायला आल्यात," म्हणत दुभाष्या आडवा आला. बाईनं मात्र हसत काळा डबा डोळ्याला लावला, मायलेकराचा फोटो काढला. मग मोटारीत बसून ती चालती झाली.

सोमवारी चतुराबाई पायी वसमतला गेली, रिकाम्या हातांनी. बाईनं तिला लगेच ओळखलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, "लेकरू कुठंय?"



"आता काहून इचारतीस? तुझ्या त्या डब्यात तेवढं उरलंय माझं लेकरू. काढून दे!"