चौकोनातला विजू

"पोरगं अमेरिकेत, आणि कॉम्प्युटरवर दिसतात नुसते चौकोन! आज त्याचं तोंड दिसलंच पायजे बघा," तानाबाईंनी अमरेशला दारातच बजावलं.

अमरेशचं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गडमुडशिंगीला, तानाबाईंच्या गावी, तो पहिल्यांदाच आलेला.

शेजारी राहणारे दीर, आण्णा, पाठोपाठ आत आले. "चाललंय की वहिनी. कशाला उगं उचकताय?"

"तुम्ही गप बसा, भावजी. तीन वर्षं झाली लेकाला बघून." मग त्या अमरेशकडं वळल्या. "एवढ्या मंदीत बी माझ्या विजूची नोकरी टिकली बघा!"

आण्णांनी खिडकीबाहेर नजर वळवली.

अमरेशनं पसारा पाहिला. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट राऊटरला येत होतं. पुढं एक जुनाट स्विच, म्हणजे तारांना फाटे फोडणारी डबी. त्यातून एक तार तानाबाईंच्या कॉम्प्युटरला, दुसरी खिडकीतून थेट आण्णांच्या माडीवर.

"माडीवर कोण असतं?"

"भाडेकरू हाय," आण्णा म्हणाले. "नेट त्याला बी लागतंय."

"आजारी हाय बिचारा, जिना उतरत न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "माझाच डबा जातोय की रोज."

स्विच पार कामातून गेलेला. अमरेशनं नवा बसवला. दहाला लोडशेडिंग संपलं आणि कॉम्प्युटरवर विजयसिंहाचा फोन आला. तो नेहमी याच वेळेला यायचा.

चित्र असं लख्ख, की तानाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अगं आई गं! विजू, किती वाळलास रं! हितं भाडेकरू माझ्या दोन-दोन भाकरी खातोय, आणि माझं लेकरू तिकडं पाव खातंय. ये की रं एकदा."

"रजा न्हाय, आई."

आण्णा उठून बाहेर गेले.

"पावणं, फोन तेवढा तुटू देऊ नका," तानाबाई पडद्यावरची नजर न काढताच म्हणाल्या.

अमरेश राऊटर भिंतीला टांगायला गेला आणि घात झाला. टेलिफोनची तार सुटून त्याच्या हातात आली. इंटरनेटचा दिवा विझला. मेलो, आता ही बाई सोडत नाही! त्यानं घाबरून पडद्याकडं पाहिलं.

"रडू नकोस गं आई," विजयसिंह म्हणत होता. "येतो की लवकर."

अमरेशनं आपल्या हाताकडं बघितलं. तार अजून त्याच्या हातातच होती. त्यानं स्विचकडं पाहिलं. दोनच दिवे भराभर लुकलुकत होते. एक तानाबाईंच्या कॉम्प्युटरचा, आणि दुसरा माडीवरच्या भाडेकरूचा.