झटक्याची वाट पाहताना

१९९८ साल. तिरुवनंतपुरमच्या इस्पितळात शीजाच्या डोक्याला तारा चिकटवून डॉक्टरांनी तिच्या फिटच्या गोळ्या थांबवल्या होत्या. झटका आला की यंत्रावर मेंदूतली नेमकी जागा कळणार होती, मगच शस्त्रक्रिया. त्या वॉर्डातल्या पेशंटांच्या आया देवाकडे झटकाच मागत.

"भार्गवीअम्मा, देवीला नवस बोलला नाहीत का?" नर्स अन्नम्मा चिडवायची. "लेक भलतीच शहाण्यासारखी वागतेय तुमची!"

भार्गवीअम्मा हसायची आणि शीजाला पेज भरवायची. एकदा गोळी चुकली आणि पोर देवळाच्या तळ्यात कोसळली, तेव्हापासून तिनं एकही गोळी चुकू दिली नव्हती. आताही ती पेजेत गुपचूप कुटून घालतच होती.

झटका आला नाही. खाट दुसऱ्याला हवी होती, म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. पुन्हा तिथवर जाणं बारा वर्षं राहून गेलं. दुसऱ्या खेपेला भार्गवीअम्मानं शीजासोबत आपल्या धाकट्या बहिणीला धाडलं, स्वतः गेली नाही. दोन दिवसांत झटका आला, शस्त्रक्रिया झाली, आणि पुन्हा फिट म्हणून आली नाही.

अन्नम्मा तोवर आखातात गेली होती. शीजासाठी थांबून थांबून शेवटी दुसरीशी लग्न केलेल्या सुकुमारनची मुलगी शाळेत जात होती. शीजा स्कूटर शिकली, काजूच्या कारखान्यात कामाला लागली.

"अम्मा, पहिल्या खेपेलाच का नाही गं झालं हे?" एकदा जेवताना तिनं विचारलं.

"तेव्हा तुला झटका आलाच नाही ना, पोरी," भार्गवीअम्मा म्हणाली, आणि भात आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.