पाचवं भांडं

आवाज एवढासाच झाला. चिमणीने दाणा फोडावा, एवढा.

धुणारीचा हात हवेतच राहिला. हातात गार पाण्याचा रिकामा मग, समोर सिंकमध्ये ते रुंद भांडं, आणि भांड्यातून वर येणारी वाफ. वाफ दिसली तेव्हा तिला कळलं, फडक्याखाली झाकलेलं भांडं अजून निवलंच नव्हतं. कडेला चिकटलेला पाक भिजावा म्हणून तिने घाई केली होती.

"तापल्याला गार नको, ओल्याला आग नको." भट्टीवाल्या मावशीने पहिल्याच दिवशी हे तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. ही भांडी साधी नव्हेत, दगडासारखी कडक भाजलेली माती. साबण लावायचा नाही; माती तो पिऊन ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या पावाला परत देते. लाकडी उलथण्याने खरवडायचं, खायचा सोडा चोळायचा, कोमट पाण्याने विसळायचं, पालथं घालून वाळवायचं. आणि बुडाचं काळं घासायचं नाही. ती भांड्याची कमाई.

तिने भांडं उलटं केलं. काळ्या बुडावर केसाएवढी रेघ. अंगठ्याने पुसली, गेली नाही. नख फिरवलं, तर नख अडकलं.

आधीची धुणारी एका टवक्यापायी त्याच दुपारी घरी गेली होती. "टवका निदान दिसतो तरी," मावशी म्हणाली होती. "तडा लपून बसतो आणि भट्टीत बोलतो." मावशीच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी सुरकुतलेल्या सायीसारखी होती. असंच एक भांडं, उकळत्या पाकासकट, हातात दुभंगलेलं.

"मावशी, पीठ आलं!" मागच्या दारातून पोतीवाला ओरडला. मावशी पाठमोरी, पावाचं पीठ मळत राहिली.

"रुसलीय वाटतं माझ्यावर," तो धुणारीला म्हणाला, पोती टाकली आणि हसत निघून गेला. धुणारीला हसू आलं नाही.

तिने नऊ भांडी पुसून फळीवर मांडली. तडा गेलेलं मधोमध, बूड खाली.

भरण्याआधी मावशी प्रत्येक भांड्याला टिचकी मारायची. बोट वाकवून, एकदाच. धड भांडं घंटेसारखं ठण् म्हणायचं. आणि टिचकी मारताना ती भांड्याकडे बघायचीच नाही. धुणारीच्या तोंडाकडे बघायची, चोराकडे बघावं तशी.

आज ती नजर वळली तेव्हा धुणारीने दात आवळले. ओट्यावरून फडकं फिरवावं, तसं तोंडावरचं सगळं पुसून टाकलं.

ठण्.

"दे पुढचं."

ठण्.

"मान वर कर, चिमणे. मी काय खाणार आहे तुला?"

ठण्. ठण्.

पाचवं.

बद्द.

ओल्या मातीत ढेकूळ पडावं तसा आवाज. आता शिव्या, आता बाहेरचा रस्ता. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

मावशी तिच्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

"ठणठणीत," ती म्हणाली, आणि त्याच भांड्यात फळांचे काप रचून वर पाक ओतला.

सुटले बाई, असं वाटलं ते एका श्वासापुरतं. दुसऱ्या श्वासाला धुणारीला उमगलं. एवढा बद्द आवाज एखाद्या बहिऱ्यालाच ऐकू येणार नाही. मघाशी मावशी रुसलेली नव्हती.

"मावशी, नका घालू ते!"

पाठमोऱ्या मावशीने भट्टीचं दार उघडलं. धग खोलीभर पसरली.

"मावशी!"

मावशीने भांडं दोन्ही हातांनी उचललं. बाही वर सरकली, तो सायीसारखा हात उघडा पडला. धुणारी धावली आणि तिने तो हातच धरला.

मावशी दचकली. पाक हिंदकळून फरशीवर सांडला. धुणारीने भांडं तिच्याकडून घेऊन ओट्यावर टेकवलं, जरा कलतं केलं, आणि मावशीचं बोट धरून बुडावरच्या रेघेवर ठेवलं.

"मी फोडलं," ती म्हणाली. सावकाश, ओठ पुरते उघडून. "तापलेलं होतं. गार पाणी ओतलं मी. उद्यापासून येत नाही."

मावशीचं बोट रेघेवरून एकदा गेलं, एकदा परत आलं. मग तिने भट्टीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे.

"मग तोंड असं कोऱ्या पाटीसारखं का ठेवलंस गं?" तिचा आवाज चिरकला. "मी वाचायचं काय त्यावर?"

भट्टीत लाकूड तडकलं. तेवढ्यानेही धुणारी दचकली. मावशी दचकली नाही.

"पोतीवाल्याला सांगशील?" मावशीने विचारलं. एवढ्या हळू आवाजात ती कधी बोलली नव्हती.

धुणारीने मान हलवली. नाही.

"मग उद्या ये."

मावशीने फुटकं भांडं बाजूला सारलं आणि सहावं पुढे ओढलं. बोट वाकवलं, टिचकी मारली आणि थांबली. भांड्याकडे तिने पाहिलं नाही.