कापसाचे बोळे

गिटार गळ्यात अडकवून शाल्मली स्टेजवर आली, तेव्हा पहिल्या रांगेत कौस्तुभची आई कानांत कापसाचे बोळे कोंबत होती.

शाल्मली खट्टूच झाली. बँडचा गिटारिस्ट कौस्तुभ ऐन तेविशीत अपघातात गेला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. त्याच्या आठवणीत बँड दरवर्षी कार्यक्रम करायचा, आणि त्याचा सोलो वाजवायचा मान यंदा पहिल्यांदाच तिला मिळाला होता. महिनाभर बोटं सोलून घेतली, ती काय ह्यासाठी? थांबा म्हणावं, दाखवतेच! तिनं अ‍ॅम्पचा आवाज वाढवला आणि असं काही वाजवलं, की हॉलची तावदानं थरथरली.

कार्यक्रम संपल्यावर काकू बोळे काढत काढत तिच्याजवळ आल्या.

"झकास वाजवलंस गं! फक्त शेवटची तार तो आणखी जरा खेचून धरायचा."

शाल्मली चाटच पडली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? अगं, माझ्या कानांत कापूस दिसला, की आमचा कौस्तुभ हमखास पेटायचा," काकू हसल्या. "म्हटलं, तू पेटतेस का बघू."