टाळ ऐकू येईनात

बालाजी वीस वर्षं कतारमध्ये जनरेटर मेकॅनिक आहे. इंजिनातला बिघाड तो नुसत्या कानाने ओळखतो, म्हणून जनरेटरच्या गोंगाटापासून कान वाचवणारे इअरमफ कामावर कधीच लावत नाही.

सुट्टीत नांदेडला गेलेल्या बायकोने, दुर्गाने, भजनाचं रेकॉर्डिंग पाठवलं. टाळ तिच्याच हातात होते. बालाजीने ते हौसेने घेतलेल्या महागड्या हॉर्न स्पीकरवर लावलं. मृदंग आला, पेटी आली, पण टाळ काही ऐकू येईनात.

मग महिनाभर कतारमधल्या अल वक्रा गावातल्या आपल्या फ्लॅटमध्ये तो स्पीकर खोलत बसला. वायरी बदलल्या, कपॅसिटर बदलले. शेवटी तीक्ष्ण आवाज दाबणारा रेझिस्टरही उपटून काढला. तरी टाळ नाहीतच. "एवढ्या भारी वस्तूची मी वाट लावली," म्हणत तो डोकं धरून बसला.

दुर्गा परत आली त्या दुपारी तिने बॅगही खाली ठेवली नव्हती, तोच त्याने रेकॉर्डिंग लावलं. "तूच सांग आता, कुठे गेले तुझे टाळ?"

दुर्गाने बॅग टाकून दोन्ही कान गच्च दाबले.

"अहो, बंद करा आधी! टाळांशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाहीये."